तलाव पोहण्यासाठी बंद आहे

धावडा गावचे एक काका एकदा त्यांच्या विहिरीचं पाणी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. बाटली इतकी चकचकीत, की मला शंका आली.

"काका, बाटली कशानं धुतली?"

"डेटॉलनं. सरकारी हापिसात आणायची म्हणल्यावर अशीतशी कशी आणावी?"

"अहो, मग यातले जंतू असले तरी मेले असणार. आता मी तपासू काय?"

काकांनी जरा विचार केला. "मेले तर चांगलंच झालं की. तसं लिहून द्या."

पाणी तपासायच्या नोकरीत माझं अख्खं आयुष्य गेलं. जालना जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहिरी, हातपंप, टाक्या, टँकर यांचं पाणी काचेच्या नळ्यांत घालून त्यात काय वाढतं ते बघत बसायचं, हे माझं काम. जांब समर्थला रामनवमीची गर्दी व्हायच्या आधी तिथलं पाणी बघायचं, पावसाळा लागला की साथीच्या गावांत पळायचं. घरच्यांना हे काम कधी नीट समजलं नाही. माझी जाऊबाई पाहुण्यांना सांगायची, "ह्या पाणीपुरवठ्यात हायेत," आणि पाहुणे मला विचारायचे, "आमच्या गल्लीत नळ कधी येणार?"

नमुना घेणं सोपं वाटतं, पण निम्मी तपासणी तिथंच बिघडते. भट्टीत तापवून निर्जंतुक केलेली बाटली तोंड खाली करून कोपरभर पाण्यात न्यायची, आत गेल्यावर फिरवायची, भरली की पाण्याबाहेर काढून झाकण लावायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागलं तरी ती बाटली बाद. मग बर्फाच्या पेटीत घालून जल्दी प्रयोगशाळा गाठायची. तिथं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, घातलेल्या जांभळ्या द्रावणात ते पाणी सोडून उबेत ठेवायचं. माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातले जंतू पाण्यात असतील, तर ते ही साखर खातात. द्रावण पिवळं पडतं आणि आत उलटी ठेवलेली इवलीशी नळी हवेच्या बुडबुड्यानं भरते. ते जंतू स्वतः दर वेळी आजारी पाडतातच असं नाही. पण ते जिथून आले तिथूनच हगवण, कावीळ, विषमज्वरही येऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात यातला एकही चालत नाही. पोहायच्या पाण्याला थोडी सूट असते.

थोडी. हा शब्द पुढं मला बऱ्याच जणांना समजावून सांगावा लागला.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला लागून जुना तलाव आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं ओळखतीलच. तलावाचं पाणी कुणी पीत नाही, त्यामुळं ते तपासायची कुणाला गरजही वाटत नव्हती. काठाला बाग केलेली, फरसबंद रस्ता, पायडलच्या चार बोटी, संध्याकाळी भेळ आणि बर्फाचा गोळा. सकाळी मात्र तलाव देविदास सरांचा. सर शाळेत व्यायाम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात ते गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या मुलांना तिथं पोहायला शिकवायचे.

त्या उन्हाळ्यात गावातल्या एका बालरोग डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. जुलाबाची बरीच मुलं एकदम आली होती. एक मुलगी दवाखान्यात भरती होती, सलाईन चालू होतं. घरं वेगवेगळ्या गल्लीत, नळ वेगळे, खाणं वेगळं. "सगळ्यांच्या आयांना विचारलं," त्या म्हणाल्या, "एकच गोष्ट सारखी आहे. सगळी मुलं सकाळी तलावात जातात."

मी आणि रशीदभाई दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. रशीदभाई म्हणजे आमचे नमुने गोळा करणारे मदतनीस. माझ्याइतकीच नोकरी झालेली आणि माझ्यापेक्षा कमी बोलणारा माणूस. पाण्यात मुलांचा दंगा चालू होता. सर कंबरभर पाण्यात उभे होते. एका मुलाच्या पोटाखाली हात धरून त्याला पाय मारायला लावत होते. पाणी दिसायला स्वच्छ. आम्ही बाटल्या भरल्या, सरांना नमस्कार केला आणि परत आलो.

नळ्या पिवळ्या व्हायला फार वेळ लागला नाही. खात्रीसाठी आम्ही ते जंतू आणखी जास्त उबेत वाढवून बघतो, कारण आतड्यातले जंतूच तेवढी ऊब सोसतात. तिथंही सगळ्या नळ्या बुडबुड्यांनी भरल्या. परत जाऊन नमुने आणले. पुन्हा तेच. ही 'थोडी'च्या फार पुढची गोष्ट होती. मी अहवाल नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना पाठवला आणि फोनही केला. साहेब तरुण होते, त्यांनी वाद घातला नाही. संध्याकाळी काठावर पाटी लागली : तलाव पोहण्यासाठी बंद आहे.

दोन दिवसांनी देविदास सर मला भेटायला जालन्याला आले. एस.टी.नं आल्ते. घामानं सदरा भिजलेला. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं.

"मॅडम, पाटी तुमच्या रिपोर्टवरून लागली म्हणे."

"हो सर."

"मी त्या पाण्यात लहानाचा मोठा झालो."

"आता पाण्यात मैला मिसळतोय सर. कुठून ते अजून कळलं नाही. पण तुमच्या वर्गातली ती मुलगी..."

"माहीत हाये. मीच तिला दवाखान्यात नेलं." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "मी भांडायला न्हाई आलो. मला फक्त इचारायचंय. ह्या लेकरांचं मी काय करू? तलाव बंद म्हणल्यावर ती घरी जाणार. निम्मी लेकरं वस्तीवरची हायेत. वस्तीवर शेततळी हायेत."

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडं पाणी साठवायला शेतात मोठी तळी खणतात आणि पाणी मुरू नये म्हणून आतून जाड प्लास्टिक अंथरतात. त्याचा उतार शेवाळानं इतका निसरडा होतो, की एकदा पाय घसरून आत गेलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. पोहता येणारासुद्धा काठाला येऊन पुन्हापुन्हा घसरत राहतो.

"तुमचे जंतू नळीत दिसत असतील," सर म्हणाले. "मी शेततळ्यातून लेकरू काढलेलं हाये. उशीर झालेला होता. तेव्हापासून हा वर्ग चालवतो."

मी एवढंच म्हणाले, की घाण कुठून येते ते शोधल्याशिवाय राहणार नाही. सरांनी मान डोलावली, पाणी प्यायले आणि गेले. त्या दिवशी डबा मी तसाच परत नेला.

घाण शोधणं म्हणजे एकेकावर संशय घेत जाणं. पहिला संशय नाल्यावर. पण उन्हाळ्यात तो कोरडा होता. मग म्हशींवर; त्या वरच्या अंगाला डुंबतात आणि तिथलं पाणी त्यामानानं बरं निघालं. आम्ही काठाकाठानं थोड्या थोड्या अंतरावर नमुने घेत गेलो. जसजसं बोटींच्या धक्क्याजवळ यावं तसतसं पाणी वाईट. धक्क्यापाशी सगळ्यात वाईट. आणि धक्क्याच्या वरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, अख्ख्या तालुक्यातलं सगळ्यात स्वच्छ सार्वजनिक शौचालय उभं होतं.

रशीदभाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मॅडम, ये न्हाई हो सकता. इथं तर रोज फिनाईल मारतेत."

मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं. ते शौचालय झुंबरलालजी नावाच्या व्यापाऱ्यानं बांधून दिलेलं होतं. घराणं मूळचं राजस्थानचं, पण गावात कितीतरी पिढ्या झालेल्या. बियाण्यांचं आणि सरकीपेंडेचं मोठं दुकान. आईच्या स्मरणार्थ मंदिर बांधण्याऐवजी त्यांनी बायकांसाठी शौचालय बांधलं, यावर त्यांच्या नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली होती म्हणे. दारावर संगमरवरी पाटी : मातोश्री जमनाबाई. आत फरशी, नळाला पाणी, दाराला कडी. गावच्या बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईला याची किंमत काय असते, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. फिरतीच्या नोकरीत मी उभ्या जिल्ह्यात आडोसे शोधलेले आहेत.

झुंबरलालजींना भेटायला मी दुकानात गेले. पांढरी बंडी, धोतर, सत्तरीचा माणूस. त्यांनी चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या आईच्या नावाच्या जागेतून घाण जाते, असं तुमचं म्हणणं."

"म्हणणं नाही सेठजी, शंका. मैल्याच्या टाकीत निरुपद्रवी हिरवा रंग सोडून बघता येईल. टाकी घट्ट असली तर तो तलावात दिसणार नाही."

"आणि दिसला तर?"

"तर टाकी फुटकी."

चहा निवला. दुकानातला नोकर कानकोंडा होऊन वजनकाटा पुसत राहिला. मला वाटलं, सेठजी आता नगराध्यक्षांना फोन लावतील. ते उठले आणि पायांत जोडा घालू लागले.

"चला. रंग मी टाकतो. दुसऱ्यानं टाकला तर मला खात्री पटायची न्हाई."

त्यांनी स्वतःच्या हातानं तो नारिंगी चुरा बादलीत कालवला. पाण्यात पडल्याबरोबर तो पोपटी हिरवा होतो. संडासाच्या एकेका भांड्यात ओतला आणि वरून पाणी सोडलं. धोतराच्या काठाला हिरवे शिंतोडे उडाले, तिकडं त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रशीदभाई पोचलो, तेव्हा धक्क्यावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी जमलेली. काठाच्या दगडांतून एक हिरवी रेघ निघून पाण्यात पसरत होती. कोवळ्या उन्हात ती सुरेख दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे. लोक मोबाईलवर व्हिडिओ काढून राह्यले होते. एक जण म्हणाला, कुण्या कंपनीनं केमिकल सोडलं. दुसरा म्हणाला, मासे मरणार आता.

"काही न्हाई मरत," रशीदभाई शांतपणे म्हणाले. "पाणी तपासायचा रंग हाये. बाजूला व्हा, बाटली बुडवू द्या."

झुंबरलालजी गर्दीच्या मागं उभे होते. केव्हा आले कुणास ठाऊक. मी त्यांच्याजवळ गेले. आपला काळा दगड वरून अभेद्य वाटतो, पण आत भेगा असतात, टाकीचा तळ ठेकेदारानं नीट बांधला नसणार, तळातून पाणी भेगेत गेलं, असं मी सांगत राहिले. ते ऐकत होते की नाही, कळेना.

"पाडून टाकतो," ते म्हणाले. "आजच मजूर लावतो. लेकरं आजारी पडली, अन वर आईचं नाव. पाटी आधी काढतो."

"सेठजी, टाकी फुटलीय. पाडायचं कशाला?"

पण ते वळून चालू लागले होते. दुपारपर्यंत जमनाबाईंच्या नावाची पाटी निघाली आणि नगरपालिकेनं शौचालयाला कुलूप लावलं. अहवाल माझाच होता. शास्त्राच्या हिशेबानं सगळं बराबर झालं होतं. तलावात जाणारी घाण थांबणार होती.

पुढच्या आठवड्यात धक्क्याजवळच्या पाण्यातली घाण उतरणीला लागली का, ते बघायला गेले. बाजाराचा दिवस होता. काठाजवळच भाजीवाल्या बसतात. त्यातली गयाबाई मला ओळखायची, कारण नमुने घेऊन झाले की मी तिच्याकडून मेथी घ्यायची. त्या दिवशी तिनं जुडी दिली नाही.

"मॅडम, कुलूप तुम्ही लावायला सांगितलं का?"

"टाकी फुटलीय गयाबाई. दुरुस्त होईपर्यंत..."

"तवर आम्ही काय करावं? सकाळधरनं पाणी न्हाई पेलं म्या. पेलं की जावं लागतं." ती आवाज न चढवता बोलत होती. आजूबाजूच्या बायका भाजी नीट लावत होत्या, पण कान इकडंच. "इतके दिस आम्ही एकमेकीला सांगून जायचो, जरा जमनाबाईकडं जाऊन येते, माझ्या भाजीकडं बघ. गिऱ्हाईकासमोर बी बोलता यायचं. आता जमनाबाईकडं कुलूप."

मी थबकले. "काय म्हणायच्या तुम्ही?"

"जमनाबाईकडं जाऊन येते. सगळ्याच म्हणतेत. माझी सून तर घरी बी तसंच म्हणती."

दोघी-तिघी पदराआड हसल्या. मी पिशवी घेऊन तशीच झुंबरलालजींच्या दुकानात गेले. ते गादीवर बसले होते, समोर गिऱ्हाईक नव्हतं.

"मजूर परवा येतेत," मला बघून ते म्हणाले. "आधी मिळाले न्हाईत."

"सेठजी, बाजारातल्या बायका तुमच्या आईचं नाव कसं घेतात, ठाऊक आहे?"

त्यांचा चेहरा आवळला. त्यांना वाटलं असणार, शिव्या. मी गयाबाईचं वाक्य होतं तसं सांगितलं. सांगताना मलाच संकोच वाटला; सत्तरीच्या माणसाला त्याच्या आईबद्दल असलं काही सांगायचं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"आईला फार माणसं लागायची," ते म्हणाले. "घरी कुणी आलं की तिला बरं वाटायचं." थोड्या वेळानं म्हणाले, "पण ह्या बायका आता जातेत कुठं?"

"कुठंच नाही. पाणी पीत नाहीत."

त्यांनी नोकराला हाक मारली आणि दुकानामागचा, घरच्या माणसांसाठीचा संडास धुऊन घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाजारातल्या बायका दुकानाच्या बोळातून मागं जाऊ लागल्या. झुंबरलालजींच्या मुलाला ते पटलं नाही. गिऱ्हाइकासमोरून बायांची ये-जा, असं तो म्हणाला. सेठजींनी गादी उचलून बोळाकडं पाठ होईल अशी मांडली.

मजुरांनी शौचालय पाडलं नाही, जुनी टाकी उपसून बुजवली. नवी टाकी रस्त्याच्या पलीकडं, तलावापासून लांब, तळासकट बंद, भरली की गाडीनं उपसायची अशी बांधली. ती भरून, रंग टाकून, मी काठाचं पाणी पुन्हा बघितलं. रंग आला नाही, आणि शौचालयाचं कुलूप निघालं. तलाव मात्र लगेच सुधारला नाही. दगडाच्या भेगांत साठलेलं बाहेर पडायला वेळ लागतो. मी नमुने घेत राहिले, नळ्या पिवळ्या होत राहिल्या, आधी सगळ्या, मग काही, मग एखादी. दवाखान्यातली मुलगी केव्हाच बरी होऊन घरी गेली होती. पण उन्हाळा संपला आणि त्या वर्षीचा सरांचा वर्ग तलावात भरला नाही, ही गोष्ट काही मला बदलता आली नाही. नंतरच्या उन्हाळ्यात तलावावरची 'बंद'ची पाटी निघाली.

पाटी निघाल्याचं सांगायला मी सरांना फोन केला. "चांगलं झालं," ते म्हणाले, "पण मॅडम, एक निर्जंतुक बाटली घेऊन इकडं या."

इकडं म्हणजे गावाबाहेर, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर. तलाव बंद असताना सर गप्प बसले नव्हते. हा विद्यार्थी स्वतःच्या शेततळ्यावर शिकवू द्यायला तयार झाला होता. काठावर चारी बाजूंनी खुंट ठोकून, गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडलेले, तरंगायला ट्रकच्या ट्यूबा. सर आता मुलांना हात-पाय मारायच्या आधी एकच गोष्ट शिकवत होते : घसरलात तर दोर कसा शोधायचा आणि गाठी धरत वर कसं यायचं. कपड्यांसकट, चपलांसकट.

"तलावाचा काठ सोपा, पाय टेकून वर येता येतं," सर म्हणाले. "तिथं हे शिकवायचं मला कधी सुचलंच न्हाई. आता तलाव ज्यांना हौस त्यांच्यासाठी. वस्तीवरची लेकरं इथंच शिकतील."

मी दोर बघितले, सरांकडं बघितलं आणि बाटली काढली. त्या तळ्याचं पाणी चांगलं निघालं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिथला नमुना घ्यायला मी जाते. आता निवृत्त आहे, तरी जाते. प्रयोगशाळेतली नवी मुलगी माझा हट्ट चालवून घेते.

गेल्या उन्हाळ्यात गेले, तर पाण्यात मुलांबरोबर त्यांच्या आयाही होत्या. शेततळ्यावर पाणी भरायला, मोटार चालू करायला त्याच जातात, हे सरांच्या उशिरा ध्यानात आलं होतं. सलवार-कमीज घालून, ओढण्या कमरेला बांधून बायका दोर धरून उभ्या होत्या. हसण्यानं नुसता कल्ला. मी काठाला गुडघे टेकून बाटली भरली, झाकण लावलं. त्यातली एक गाठी धरत माझ्याजवळ आली.

"बाई, पाणी तुम्हीच तपासता ना?"

"हो."

"चांगलं हाये ना?"

"आत्तापर्यंत तरी चांगलंच निघालंय."

"मंग या की आत."

"मला पोहता येत नाही."

"आम्हाला तरी कुठं येतं?" ती म्हणाली आणि एका हातानं दोराचं टोक माझ्याकडं केलं.

मी बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली, पेटी सावलीत सरकवली, घड्याळ काढलं. प्लास्टिकच्या उतारावर पाय ठेवताच तो सटकला, आणि मी पहिली गाठ पकडली.